एवढा माल संपू दे

“आज खुडली भाजी, बाई, आज करावी ताजी,
उद्याच्या हिरवाईला उद्याचं ऊन राजी…”

पालकाची जुडी मांडीवर घेतली की आईचा तो किंचित घोगरा, सुराशी फारसं सख्य नसलेला आवाज अजूनही तिच्या कानाशी येऊन बसायचा. आई परसात बसून पानं निवडायची, गाणं अर्ध्यावर सोडून मांजराला शिव्या द्यायची आणि पुन्हा तिथूनच उचलायची. आईकडे फ्रिज नव्हता. त्यामुळे तिच्या घरात भाजी कधी सडली नाही.

लेकीकडे फ्रिज होता. शिवाय नवरा होता. आणि नवरा असा तसा नाही, उभी नोकरी शीतगृहात काढलेला. बटाट्यांच्या, सफरचंदांच्या डोंगरांवर राज्य करून आलेला. तिथले हमाल त्यांना थंडेसाहेब म्हणत, आणि ते केवळ शीतगृहामुळे म्हणत, असं काही नव्हतं.

निवृत्त होऊन साहेब घरी आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली राज्य म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मग त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या त्या पांढऱ्या कपाटावर गेली. तिने आयुष्यभर त्यात जागा दिसेल तिथे भाजी कोंबली होती. त्यांनी ते उघडलं, आत वाकून पाहिलं आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाले, “अगं, काय करून ठेवलंयस हे?”

त्या दिवसापासून फ्रिजमध्ये शिस्त आली. पालक धुवायचा नाही, कोरड्या पंच्यात गुंडाळायचा. कोथिंबिरीचे देठ पेल्यातल्या पाण्यात, डोक्यावर सैलसर पिशवी. मिरच्यांचे देठ काढलेले. काकडी दारातल्या कप्प्यात, कारण तिला फार गारठा सोसत नाही. टोमॅटो बाहेर टोपलीत, देठाकडची बाजू खाली. कांदे आणि बटाटे यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून ते घराच्या दोन टोकांना. बायकोच्या गुडघ्याला कुठला गारठा सोसत नाही, हे मात्र साहेबांना अजून ठाऊक नव्हतं. पण माणूस एकाच वेळी किती गोष्टींकडे बघणार!

हे सगळं खरं तर चांगलंच होतं. भाजी टिकत होती, उगाच कशाला नावं ठेवा. घोडं पेंड खात होतं ते पुढे. शीतगृहाचा नियम असा की जो माल आधी आला तो आधी बाहेर जाईल. घरातही तोच लागू झाला. आज आणलेल्या भाजीने वरच्या कप्प्यात उमेदवारी करायची, मग मधल्या कप्प्यात यायचं आणि सेवाज्येष्ठतेने खाली सरकत सरकत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आली की कढईत पडायचं. साहेब रोज बाजारात जात, रोज कोवळी, लुसलुशीत भाजी निवडून आणत, आणि ती थकेपर्यंत तिला कुणी हात लावत नसे, कारण तिच्याआधी थकलेल्या रांगेत उभ्या असत. सगळ्या गल्लीत इतकी नीट ठेवलेली भाजी दुसऱ्या घरात नव्हती, आणि त्या घरात ताज्या भाजीची चव कुणाला आठवत नव्हती.

“आज ही मेथी करू?” तिने एकदा विचारून पाहिलं होतं.

“आणि तो फ्लॉवर काय म्हणेल?”

फ्लॉवर काही म्हणण्याच्या पलीकडे गेला होता. तिने त्याचे काळे ठिपके खरवडले.

अशा या घरात त्या सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, बसने दिवसभराच्या वाटेवर राहणारी, एकटी. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

“पट्टी बांधली की मी आंधळी कोशिंबीर खेळणार बघ घरभर,” ताई हसत म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, “महिनाभर येशील? शेजारीण येते म्हणालीय, पण तिच्यापुढे मला रडता नाही यायचं गं.”

“येते,” ती म्हणाली. ताईने काही मागितलं असं तिच्या आठवणीत नव्हतं. लहानपणी वेणीफणीपासून तापातल्या पाण्याच्या घड्यांपर्यंत सगळं ताईनेच केलं होतं, मागायची वेळ कायम हिच्यावर यायची.

फोन ठेवला तेव्हा साहेब खुर्चीत वर्तमानपत्राआड होते. पान बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं.

“जा की,” ते पेपरमागून म्हणाले. “मी कुठे अडवतोय? फक्त एवढा माल संपू दे. तू नसताना वाया गेला तर?”

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ताईने नवीन घर घेतलं तेव्हा फ्रिजमध्ये कोबी होते, ताई पडली तेव्हा दुधी. दोन्ही वेळा तिने निमूटपणे माल संपवत बसायचं ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा माल संपेपर्यंत जायचं कारण संपून गेलं होतं. ऑपरेशन मात्र कोबीसाठी थांबणार नव्हतं.

‘संपवते,’ ती मनात म्हणाली, ‘दोन्ही वेळ भाजीच करते. बघू किती पुरते.’

ती फ्रिजमधला माल अजमावत होती, तोवर साहेब पिशव्या घेऊन बाजारात गेलेसुद्धा.

परत आले ते घामाघूम होऊन. एका हातात भरलेली पिशवी, तीतून वर पालक डोकावतोय, आणि दुसऱ्या काखेत, तान्हं मूल घ्यावं तसा, अख्खा लाल भोपळा.

“अहो, हे काय?”

“भोपळा.”

“तो दिसतोय मला. आपण दोघं आहोत घरात. हा खाणार कोण, वऱ्हाड?”

“छान मिळाला,” साहेब म्हणाले आणि भोपळ्याला कोपऱ्यात गोणपाटावर इतक्या अलगद ठेवलं, की तितक्या अलगद तिला कित्येक वर्षांत कुणी बसवलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिवणवाली आली, गळ्यात टेप, हातात कोमेजलेली कोथिंबीर. “काका, हिचं काय करू? काल आणली, आज बघा, सासरी गेल्यासारखी मान टाकलीय.”

साहेब खुलले. देठ कापले, पेला मागवला, पाणी किती हवं ते बोटाने दाखवलं. शिवणवाली मान डोलवत होती.

“भाजीचं कळलं. आता जावई ताजा ठेवायची काही युक्ती असली तर सांगा. आमचा दोन दिवसांत आंबतो.”

“थंड जागी ठेवा,” ती आतून म्हणाली. “आमच्याकडे तसंच करतात.”

शिवणवाली खो खो हसली. मग तिचं लक्ष भोपळ्याकडे गेलं. “अय्या, घेतलात का शेवटी! काकू, मी मागेच उभी होते ना बाजारात. काका भाजीवालीला म्हणत होते, ‘लवकर संपणार नाही असं काय आहे ते दे.’ ती म्हणाली, ‘लवकर सडणार नाही म्हणायचंय का?’ तर म्हणतात, ‘नाही, नाही. संपायला नको.’ मला तर बाई हसूच आलं. लोक भाजी खायला नेतात!”

साहेब पेल्यातलं पाणी उगाच कमीजास्त करू लागले. शिवणवाली आपली कोथिंबीर मिरवत वर गेली.

ती आतून येऊन भोपळ्यासमोर उभी राहिली. “किती टिकतो हो हा?”

“नीट ठेवला तर?” धंद्याचा प्रश्न आला की साहेबांना राहवत नसे. “देठ शाबूत आहे. कोरड्या जागी हवेशीर ठेवला, तर पुढचा ऋतू बघेल.”

“असं होय,” ती म्हणाली.

इतके दिवस तिला वाटायचं, या माणसाला भाजीचं वेड आहे, बायको त्यात आपली वासापुरती. आज उलगडलं. कोबी, दुधी आणि आता हा भोपळा हे खायचे नव्हतेच. हे दाराला आतून लावलेले अडसर होते.

तिने पिशवीतला पालक काढला. पंच्याकडे पाहिलंही नाही. भसाभसा पाण्याखाली धरला, पानांवरून थेंब ओघळू दिले, तेलात लसूण ठेचून टाकला आणि कढईत पालक सोडला. चर्रर्र आवाज ऐकून साहेब धावत आले.

“अगं! ती आजची आहे!”

“माहीत आहे.”

“आणि मधल्या कप्प्यातला दोडका?”

“त्याला म्हणावं, बढती रद्द.”

ताटं वाढली. साहेब आधी घुश्शात बसून राहिले, मग उपकार केल्यासारखा एक घास घेतला. मग दुसरा. पालक हिरवागार होता, दाताखाली अजून जिवंत. तिसऱ्या घासाला त्यांनी नियम गिळला, आणि थोड्या वेळाने ताट पुन्हा पुढे केलं. तिने वाढलं.

“मी उद्या सकाळच्या गाडीने ताईकडे जातेय,” वाढता वाढता ती म्हणाली. “महिनाभर.”

“पण माल…”

“तो संपायचा नाही. तुम्ही आणताच तसा.”

साहेबांनी वळून फ्रिजकडे पाहिलं.

“दोडक्याचं मी बघेन,” ते म्हणाले.

“बघा.”

“भोपळाही… तो काय, राहील.”

“राहील.”

“तसं मला शिजवता येतं. गोदामात एकदा हमालांचा स्वयंपाकी पळाला होता, तेव्हा…”

“अहो,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे तो तिचाच आहे हे कळायला दोघांनाही एक क्षण लागला. “भाजीचं पुरे. काय ते बोला.”

साहेबांनी ताटातल्या पानांकडे पाहिलं. एक पान बोटाने उगाच सरळ केलं.

“तू जा,” ते म्हणाले. “ताईंना हवीस तू. पण मला एकट्याला जेवता येत नाही गं. समोर कुणी नसलं की घास उतरत नाही. गोदामातही डबा हमालांत बसूनच खायचो. तू मागे एकदा माहेरी गेलीस ना, तेव्हा मी रोज जेवलो म्हणून सांगितलं. नव्हतो जेवलो.”