शेवटचा हात

निकितानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "आप्पा, हे बघा. पान्यांचा संच, एकशे बहात्तर नग, वर पेटी फुकट."

पेटी फुकट मिळत असली की आतल्या मालाची चौकशी करावी, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. घरच्यांना सांगायचं राहून गेलं असावं.

"त्यातले शंभर नग तू जन्मात हातात धरनार न्हाईस," मी म्हणालो. "आन जे लागतील, ते पयल्याच गंजलेल्या नटाला तोंड वासतील."

"मग काय घ्यायचं ते तुम्ही सांगा. शनिवारी सुट्टी आहे, जाऊ नगरात."

निकिता माझी धाकटी लेक, जनावरांची डॉक्टर. गेल्या वर्षी तिची बदली कोल्हारकडं झाली आणि केडगावातून ती रोज मोटारीनं जाऊन-येऊन करायला लागली. मोटार जुनी. दुरुस्तीवाल्यांनी दोनदा टोपी घातल्यावर तिनं ठरवलं की बारीकसारीक काम घरीच करायचं. माझी हत्यारं असती तर प्रश्नच नव्हता, पण गॅरेज बंद केलं तेव्हा ती मी हाताखालच्या पोरांना वाटून टाकली होती. एक चाकाचा पाना तेवढा ठेवला होता.

तो ठेवायला कारण होतं. आमच्या गॅरेजात एक रीत होती. चाक पोरांनी बसवायचं, नट पोरांनी आवळायचे, पण गाडी बाहेर पडण्याआधी प्रत्येक नटावर शेवटचा हात मिस्त्रीनं मारायचा. पान्याला नुसती एक ओढ. नट कुठं थांबला ते बोटांना कळतं. जास्त आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर चाक जातं. गॅरेज बंद झालं तरी ही रीत सुटली नाही. कुणी बायपासला पंक्चर काढून आलं की गाडी आधी माझ्या दारात. तिथं नट हवेच्या गनीनं आवळलेले असायचे. ती गन माझ्या डोळ्यांत सलायची. मी ते नट आधी ढिले करायचो आणि मग माझ्या हातानं आवळायचो. लोक चहा पाजायचे आणि मी मान हलवली की निर्धास्त होऊन जायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि दोन वर्षांपासून माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होती. शुगरमुळं. एकदा चहाच्या पातेल्यानं भाजलं, ते मला दुसऱ्या दिवशी फोड दिसला तेव्हा समजलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नट कुठं थांबतो ते आता कळत नव्हतं, म्हणून आटे जाऊ नयेत या भीतीनं मी जरा आधीच थांबायचो. बत्तीस वर्षांची सवय आहे, अंदाज चुकायचा नाही, असं स्वतःला बजावायचो. रोज सकाळी निकिता त्याच चाकांवर कोल्हारला निघायची आणि मी दारात उभा राहून हात हलवायचो.

शनिवारी बाबाजानच्या दुकानात गेलो. बाबाजान आणि मी एकाच उस्तादाकडं शिकलो. मी पाना फिरवत राहिलो, त्यानं पाने विकायला घेतले, आणि शहाणा तोच ठरला.

"ये रंगनाथ. आन डाक्टरीनबाईबी आल्यात," त्यानं स्टूल पुसलं.

मग मला चेव चढला. हत्यार निवडणं ही माझी हौस, आणि ऐकणारं माणूस मिळालं तर विचारूच नका. पेटीबंद संच घेऊ नको, म्हटलं. तुझ्या गाडीला दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस एवढेच पाने लागतात. ते एकेक करून चांगल्यातले घे. गोटी पाना, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, घेताना गोटीच्या आत बघ. बारा कोनांची दिसायला छान, पण नट झिजला असेल तर त्याचे कोपरे खाते. सहा कोनांची नटाला सहाही बाजूंनी कवटाळते. पक्कड मिटून उजेडाकडं धर, दातांतून उजेड दिसला की परत ठेव. चकाकीवर जाऊ नको, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. आणि सगळ्यांत आधी उचललेली गाडी तोलून धरणारे दोन लोखंडी घोडे घे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपणाऱ्याला मी मूर्खसुद्धा म्हणत नाही, कारण मूर्ख माणूस निदान जगतो.

"आणि एअर गन?" निकितानं छोट्या कॉम्प्रेसरकडं बोट केलं.

"टाकी बघ, चोवीस लिटरची. दोन नट उघडले की हा दम घ्यायला बसंल, आन तूबी बसशील. गन चालवायला मोठी टाकी लागती, ती घरात परवडत न्हाई. चाकात हवा भरायची, फिल्टर झटकायचा, एवढ्यासाठी घे. गनीचे पैसे नट सोडवायच्या लांब दांड्यात घाल."

"खरं बोलतोय मिस्त्री," बाबाजान म्हणाला. "माझं गिऱ्हाईक मोडतोय, पर खरं बोलतोय. टाकीखालचा नळ तेवढा रोज सोडत जा बेटा, आत पानी साचतं."

मग त्याला जुना खेळ आठवला. सतरा नंबरचे दोन रिंग पाने त्यानं माझ्यापुढं धरले, एक अस्सल, एक नकली. डोळे मिटायचे आणि अंगठा कडेवरून फिरवून अस्सल ओळखायचा. मी कधीच चुकलो नव्हतो. मी डोळे मिटले. अंगठा फिरवला. दोन्ही सारखे लागले. खरं तर काहीच लागलं नाही. उगीच थोडा वेळ लावला आणि डावा पुढं केला.

"बरोबर," बाबाजान म्हणाला.

तो फार पटकन म्हणाला. एरवी आधी चार टोमणे मारतो. मी डोळे उघडेपर्यंत दोन्ही पाने खोक्यात गेले होते, आणि बाबाजान पावती लिहायच्या वहीत काहीतरी शोधत होता. त्यानं मला सांभाळून घेतलं होतं. मला त्याचा राग आला. सांभाळून घ्यावं लागलं याचा जास्त आला.

निकिता तोवर एक लांब पाना हातात घेऊन बघत होती. टॉर्क रेंच. त्याच्या दांड्यावर आकडे असतात. गाडीच्या पुस्तकात नटाला किती जोर लावायचा ते लिहिलेलं असतं. तो आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की पाना 'टक्' करतो आणि आपण थांबायचं.

"हे मला हवंय," ती म्हणाली.

"ज्याला हात न्हाई त्याचं खेळनं हाय ते," मी तोडलं. "पैसे उधळू नको."

"आप्पा, गाय गाभण आहे का ते मीही हातानंच बघायचे. हात घालून सांगायचे आणि लोक विश्वास ठेवायचे. एकदा चुकले. शेतकऱ्यानं गाय विकली आणि ती दुसऱ्याच्या गोठ्यात व्याली. आता हातानं बघते आणि मशीनवरही बघते."

"तुझा हात कच्चा आसंल."

टॉर्क रेंच तिनं स्वतःच्या पैशानं घेतला. येताना गाडीत मी बाहेर बघत बसलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलाच मी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच तिनं अंगणात गाडी घेतली. घोडे लावले, चाकं पुढची मागं केली, नट समोरासमोरचे पाळीनं बसवले. काम नीटस होतं. मनातून मला कौतुक वाटत होतं, पण तोंडानं मी "जॅक तिरपा हाय" एवढंच म्हणालो. गाडी खाली उतरवल्यावर तिनं नट हातापुरते आवळले आणि माझ्याकडं बघितलं. "आप्पा, शेवटचा हात."

मी माझा पाना घेतला आणि चारही चाकांवरून फिरलो. प्रत्येक नटाला ओढ दिली, ओठ दाबून मान डोलावली. सोंग चांगलं वठलं.

मग तिनं टॉर्क रेंच उचलला. पहिल्या नटावर लावला आणि ओढला. पाना फिरला. आणखी फिरला. अर्ध्या फेऱ्याच्या जवळ गेला तेव्हा कुठं टक् झालं. दुसरा जागेवरच टक्. तिसरा पुन्हा फिरला. एका चाकाचे चार नट, त्यातले दोन सैल.

"पाना खराब दिसतोय," मी म्हणालो. "परत कर."

तिनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्यासमोर पायरीवर बसली. "उजवा हात द्या. डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावते, कुठल्या बोटाला लागलं ते सांगा."

मी डोळे मिटले. वाट बघितली. "मधल्या," म्हणालो.

मी डोळे उघडले. पेन तिच्या खिशातच होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

मला वाटलं ती रागावेल. रागवायला हवं होतं. या दोन वर्षांत मी तिच्या गाडीला सहा-सात वेळा हात मारला होता आणि गेलं वर्षभर ती त्याच चाकांवर रोज शंभर किलोमीटर पळत होती. पण तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचे हात गरम होते की गार, तेसुद्धा मला नीट कळलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग एकदम आठवलं. "निके, फकस्त तुझी गाडी न्हाई."

"आणखी कुणाच्या?"

मी बोटांवर मोजायला लागलो. भागवतची रिक्षा. आबासाहेबांची मोटार. परवेझचा टेम्पो. आणि सुनील. त्याच्या जीपला मी शुक्रवारीच हात मारला होता. गनीनं नीट आवळलेले नट मी स्वतः ढिले केले होते, गनीला चार शिव्या देत. आणि आज सुनील बायको-पोरीला घेऊन खर्ड्याला सासुरवाडीला निघणार होता.

बाकीच्या तिघांना फोन करून गाड्या जागेवरच ठेवायला सांगितलं, पण सुनीलचा फोन लागेना. सुनीलचं घर तीन गल्ल्या पलीकडं. राहिलेले नट निकितानं भराभर टक् करेपर्यंत आवळले, आणि त्याच गाडीनं आम्ही गेलो.

जीप दारात उभी होती, इंजिन चालू. सृष्टी, त्याची सहा वर्षांची पोरगी, मागं खिडकीशी बसली होती. सुनीलची बायको घराला कुलूप लावत होती.

"बंद कर गाडी," मी म्हणालो.

"काय झालं मिस्त्री? या, बसा की. च्या टाकायला सांगतो."

"च्या नको. चाकं बघायचीत."

तो हसला. "आवं, तुमीच तर परवा शेवटचा हात मारला. तुमच्या हातावर आजून कोन हात मारनार?"

आयुष्यभर अशा वाक्यानं माझी छाती फुगायची. आज ते ऐकवेना. निकिता माझ्याकडं बघत होती, पण माझ्या वतीनं ती बोलली नाही. ते बरं केलं तिनं.

"माझ्या बोटांतला जीव गेलाय, सुनील," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली. नट आवळला का न्हाई ते मला कळत न्हाई. मी कुनाला बोललो न्हाई. तुझे नट मी ढिले केले आन अंदाजानं आवळले."

सुनीलनं इंजिन बंद केलं. निकितानं त्याला पुस्तकातला आकडा विचारला आणि टॉर्क रेंच लावला. पहिला नट टक्. दुसरा टक्. तिसऱ्याला पाना फिरला आणि फिरतच राहिला.

सुनीलनं मागचं दार उघडलं, सृष्टीला उचलून खाली घेतलं आणि कडेवर धरून उभा राहिला. तो चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याची बायको कुलपाची किल्ली हातात धरून तशीच थांबली. निकिता एकेका चाकाशी वाकत राहिली, आणि ती प्रत्येक नटाशी पोचली की आम्ही चौघं टक् व्हायची वाट बघायचो.

शेवटचं चाक संपवून ती उठली. सृष्टी कंटाळली होती. बापाच्या कडेवरून वाकून तिनं मला विचारलं, "आजोबा, आता जायचं का आम्ही?"

लोक मला हे विचारत आले आणि मी मान हलवली की निघत आले. मान हलवायच्या आत मी स्वतःला आवरलं आणि निकिताकडं बोट केलं.

"हिला विचार," मी म्हणालो.