चादरीचं दुसरं टोक

कारखान्यात त्याला सगळे खटपट्या म्हणत. कारखाना घरगुती वस्तूंचा, आणि नवी वस्तू सुचवायचं काम याचं. लोक कुठे अडतात, कशावर वैतागतात, हे तो टक लावून बघे. मेहुणीला गरम झाकणाचा चटका बसला, तर याने तिच्या हाताआधी झाकणाची मूठ पाहिली. नवी मूठ हातोहात खपली, मेहुणीने मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच.

दर रविवारी दुपारी शेजारच्या सिस्टर त्याची बेल वाजवत. जन्मभर दवाखान्यात नर्स, आता निवृत्त, त्याच्यासारख्याच एकट्या.

"अहो, जरा टोक धरता का?"

मग दोघं धुतलेल्या मोठ्या चादरीच्या दोन टोकांना उभे राहत.

"कोपऱ्याला कोपरा! बोळा नकोय मला."

तो मुद्दाम एखादा कोपरा चुकवी. त्यांची बोलणी खायला त्याला आवडे. नंतर चहा. आठवडाभरात कामाखेरीज त्याच्याशी बोलणारं तेवढंच माणूस होतं.

पण डोळ्यांची खोड जाते थोडीच? एका रविवारी त्याच्या लक्षात आलं, आपण इथे फक्त दोन चिमट्यांचं काम करतोय. झालं! खाणंपिणं विसरून त्याने भिंतीवरची एक पट्टी बनवली, तिला दोन चिमटे. कोपरे अडकवायचे, घडी घालायची, हलका झटका दिला की सुटतात. पहिली पट्टी त्याने सिस्टरांच्याच भिंतीवर ठोकली.

"कमाल आहे हो तुमची!" त्या हरखल्या. "आता कुणाची मिनतवारी नको."

तोही खुळ्यासारखा खूश झाला.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. सिस्टर आजारी तर नाहीत? तेवढ्यात भिंतीपलीकडून चिमटे सुटल्याचा आवाज आला. त्याने स्वतःच्या पलंगावरची चादर ओढली आणि त्यांचं दार ठोठावलं.

"सिस्टर, जरा टोक धरता का?"

"मी कशाला? आणा इकडे." त्यांनी चादर चिमट्यांना लावली, झटपट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा, आणि त्याच्या हातात दिली. "तुमच्याही भिंतीवर ठोका की एक! चला, मी निघते. आता रविवार मोकळा मिळतो, बहिणीकडे जाऊन येते."

कुलूप लागलं. त्या जिना उतरून गेल्या.

त्या रात्री तो नुसत्या गादीवर झोपला. सिस्टरांनी घातलेली घडी त्याच्याने मोडवली नाही.