एका चुलीवरची माणसं

नेत्राला नियमांची भारी हौस. समाजशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध, गाव कुळगाव आणि दर सातवं दार ठोठावायचं. सातव्या घरात कुत्रं अंगावर आलं तरी आठव्यात शिरायचं नाही. बरोबरची पोरं टपरीवर चहा पीत सर्वेचे अर्धे फॉर्म मनानेच भरायची, आणि नेत्रा त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची.

त्या रविवारी भर दुपारी सातवं घर निघालं तुळशीबाईंचं. बैठं आगरी घर. बाई पन्नाशीच्या, ओटीवर एकट्याच बसलेल्या.

"घरात माणसं किती, मावशी?"

"पाच."

"बाकीची बाहेर गेलीत का?"

"नाय गो. घरानच हायेत."

नेत्राने आत डोकावून पाहिलं. दुसरं माणूस नव्हतं. भिंतीवर मात्र चार फोटो होते, चारही हार घातलेले. बाईंनी बोट दाखवत ओळख करून दिली: नवरा बुधाजी, सासू, सासरे, थोरले दीर धर्मराज.

नेत्राला कसंतरीच झालं. पण शिकलेली पोर, ती समजावायला बसली. "गेलेली माणसं नाही मोजायची, मावशी. जो तुमच्या चुलीवर जेवतो, तोच तुमच्या कुटुंबातला. आमची व्याख्याच आहे तशी."

"मंग पाचच की," म्हणत बाईंनी मोरीकडे मान वळवली.

मोरीत पाच ताटं खरकटी पडली होती. पाचही ताटांत बोटांच्या ओल्या रेघा होत्या, भाताची शितं अजून वाळली नव्हती. नेत्राने चटकन तिकडून नजर काढली. तरी, उत्तर देणाऱ्याचं म्हणणं आपण बदलायचं नाही, हाही नियमच. तिने पाच लिहिलं.

ती उठायला लागली तशी बाईंनी हात धरला. "उपाशी जातंस? दोन घास खा."

नाही म्हटलं आणि बाई रुसल्या तर पुढच्या प्रश्नांची उत्तरं कोण देणार? आणि खरं सांगायचं तर भूकही सडकून लागली होती. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण तिने मिटक्या मारत खाल्लं. ताट रिकामं झालं, तशी बाई फॉर्मवर वाकल्या.

"आता सहा कर."

नेत्रा हसली.

"हसतंस काय? चुलीवर जेवतंय तो घरचा. तूच बोललीस ना?"

बाई थट्टा करत नव्हत्या. आतल्या खोलीत पाट सरकवल्याचे आवाज आले, कुणाला तरी जागा करून द्यावी तसे. वाद नको, आधी इथून सुटू, म्हणून तिने पाचाचा सहा केला आणि चपला हातात घेऊन पळत सुटली.

रिक्षा करून ती थेट अंबरनाथ पश्चिमेला घरी आली. आईच्या कुशीत शिरायचं, बाकी तिला काही नको होतं.

दार आईनेच उघडलं. मागे तीन ताटं मांडलेली. बाबा आणि धाकटा गंधार जेवत होते. गंधारने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भात कालवायला लागला.

आईने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फॉर्मकडे. "सर्वेवाल्या का तुम्ही? लिहा ना. आम्ही तिघं."

जन्मात आईने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आई, मी नेत्रा!"

आई दचकून मागे सरकली. बाबा ताटावरून उठायला लागले. नेत्राला रडू फुटलं. ओरडून उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं. मग एकदम सुचलं, जो जेवतो तो घरचा. या घरचा एकच घास पोटात गेला की झालं. तिने डोळे पुसले आणि स्वतःच्या आईला म्हणाली, "काकू, थोडं जेवायला द्याल? एकच घास."

आईचा चेहरा कळवळला. तिने वळून ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं. पातेलं खरवडून काढलेलं होतं.

"अगं बाई, आज तिघांपुरतंच केलं होतं हो," ती म्हणाली. "थांबा, पाणी तरी आणते."