साडेचार इंच

रविवारी सकाळी पावणेसातला टेलरबाई गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर उकिडव्या बसल्या होत्या. हातात टेप, कानामागे खडू, आणि चेहरा असा, की जणू चांगल्या कापडावर कात्री उलटी चालली होती.

त्यांच्यासमोर एक नवाकोरा स्पीड ब्रेकर आडवा पसरला होता.

"पाच इंच," त्या पुटपुटल्या. टेप पुन्हा लावला. पुन्हा पाचच.

मागे त्यांची गाडी उभी होती. चौतीस वर्षांची, दोन सीटांची, गडद निळी स्पोर्ट्स कार. नाक जमिनीपासून सहा इंच वर. पण पोट जेमतेम साडेचार, कारण सायलेन्सरचा पाइप तिथे खाली उतरलेला. एका गिऱ्हाइकाला शिवलेला कोट द्यायला गेल्या, तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीखाली ही त्यांना दिसली होती. पन्नाशी उलटलेल्या बाईंच्या छातीत अशी धडधड झाली, की कोट अंगाला बसतो का, हे विचारायचं सोडून त्यांनी गाडीचंच विचारलं. आठवड्यात गाडी दारात.

"ही चालवायची की अंगात घालायची?" नवऱ्याने विचारलं होतं. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. उंच बसून खालच्या जगाकडे बघायची सवय. या गाडीत ते एकदाही बसले नव्हते.

बाईंनी मात्र दोन महिन्यांत तिचा स्वभाव ओळखला. शहरातला एकेक उंचवटा टेपने मोजला आणि बेतायच्या कागदावर नकाशा काढला. कुठे तिरकं घालून एकेक चाक चढवायचं, कोणत्या पेट्रोल पंपावर डावीकडूनच शिरायचं, सगळं तोंडपाठ. मेकॅनिक म्हणाला होता, "मॅडम, स्प्रिंगा उंच करून देतो, कटकटच मिटेल."

"कोट ढगळ केला की सगळ्यांना बसतो," बाई म्हणाल्या, "पण शोभत कुणालाच नाही."

आणि आज तो दिवस होता. शहराबाहेरच्या टेकडीवर जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत, बाईंचा नंबर चौदावा. आठ वाजता फाटक बंद होणार. पोचायला चाळीस मिनिटं. काल दिवसभर त्या बहिणीकडे होत्या आणि मागच्या पायवाटेने घरी आल्या, म्हणून हे नवं संकट त्यांना दिसलंच नव्हतं.

"अहो, हा कधी झाला?"

"काल दुपारी," नवरा चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. "मी बघत उभाच होतो. छान गुळगुळीत केलाय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"स्पीड ब्रेकर ही काय सांगायची गोष्ट आहे? असले किती चाकांखालून गेले, मी मोजले नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्यांनी कप खाली ठेवला.

तिरकं घालायला जागा नव्हती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. तरी बाई गाडीत बसल्या आणि जेवढं वळवता येईल तेवढं वळवून, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकल्या. पुढची चाकं चढली, उतरली, आणि पोटाखालून आवाज आला. खर्रर्र! बाईंच्या अंगावर काटा आला. जणू आपल्याच पाठीवरून कुणी विळी ओढली. त्यांनी अलगद मागे घेतलं.

समोरच्या घरातल्या ग्रंथपालबाई दार उघडून बाहेर आल्या. "काय फाटलं हो?"

"अजून काही नाही," टेलरबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. स्पीड ब्रेकर बुटका करता येणार नव्हता. पण गाडी? "माणूस बुटका असला तर काय करतो? टाचा घालतो! अहो, चला, हिलाच टाचा देऊ. ब्रेकरच्या अलीकडे दोन फळ्या, पलीकडे दोन. चाकं फळीवर, म्हणजे पोट फळीइतकं वर!"

 नवऱ्याने बाह्या सरसावल्या. "फळी केवढी जाड हवी?"

"एक इंच. साडेपाच होतील. वर अर्धा इंच उरेल."

कटिंगच्या टेबलाच्या दोन फळ्या स्क्रू काढून दोघांनी उचलून आणल्या. तोवर ग्रंथपालबाईंनी आपलं कपाट रिकामं करायला घेतलं होतं. पायऱ्यांवर पुस्तकांचे ढीग लागले. "घाबरू नका, मला क्रम पाठ आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या, आणि दोन भक्कम फळ्या पुढे केल्या.

सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बाईंनी चाकांमधलं अंतर मोजलं, रस्त्यावर खडूने चार रेघा ओढल्या आणि फळ्या रेघेला रेघ लावून टेकवल्या. चढताना ठेच लागू नये म्हणून फळ्यांच्या तोंडाशी पायपुसणी घातली. मग वजन कमी व्हावं म्हणून गाडीतली हत्यारांची पेटी काढली, स्टेपनी काढली.

"मीही उतरतो," नवरा म्हणाला.

"तुम्ही बसला होतात कधी?"

ग्रंथपालबाईंना हसू आवरेना. नवराही हसला, आणि ब्रेकरच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला जाऊन चक्क आडवा झाला. गाल डांबराला टेकवून एक डोळा मिटला. "येऊ दे! सरळ, सरळ... जरा डावीकडे. बस्स. येऊ दे!"

बाईंनी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं फळीवर चढली, ब्रेकरवर गेली, पलीकडच्या फळीवर उतरली. मागची अजून अलीकडच्या फळीवर. आता पोट बरोबर उंचवट्याच्या माथ्यावर होतं. 

"उजेड दिसतोय!" नवरा खालून ओरडला. "अगं, मधून उजेड दिसतोय! ये, ये, ये!"

मागची चाकं उंचवट्यावरून उतरली आणि गाडी पलीकडे मोकळ्या रस्त्यावर आली. ग्रंथपालबाईंनी टाळ्या पिटल्या. लोक कधी जमले कोण जाणे, पण गल्लीतल्या चार खिडक्यांमधूनही टाळ्या आल्या.

पेटी आणि स्टेपनी परत आत गेली. नवरा शर्टाची धूळ झटकत दाराशी उभा राहिला. "आत जागा आहे का?"

"पाय लांब करा, डोकं सांभाळा."

ते बसले कसले, घसरलेच. "अरे बापरे," ते म्हणाले, "रस्ता तर मांडीवरच आलाय!"

दोघं फाटकाशी पोचले तेव्हा आठला चार मिनिटं कमी होती. तासाभराने चौदा नंबर पुकारला गेला. झेंडा पडला आणि बाईंनी गाडी अशी सोडली, की नवऱ्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. पहिलं वळण, दुसरं वळण. रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता. ज्या खुजेपणाने दोन महिने बाईंच्या नाकी नऊ आणले होते, तोच आता कामाला आला. गाडी रस्त्याला जळवेसारखी चिकटली होती. वळणावर ना हलली, ना झुकली. बसच्या उंचीवरून असं वळण घेतलं असतं, तर अर्धे प्रवासी एकमेकांच्या मांडीत पडले असते, हे ड्रायव्हरसाहेबांइतकं कुणाला कळणार?

"ब्रेक लावू नकोस!" ते ओरडले. "ती धरतेय रस्ता! जाऊ दे, जाऊ दे गं!"

बाईंनी जाऊ दिलं. शेवटचा चढ इंजिनाच्या आरोळीत संपला आणि माथ्यावर ऊन एकदम तोंडावर आलं.  दोघं एकदमच हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

एकवीस गाड्यांत त्यांचा नंबर सहावा आला. पाचव्यापेक्षा फक्त अर्धा सेकंद मागे. बाईंना तेवढ्यानेच भरून पावलं होतं. नवऱ्याला मात्र ते काही केल्या पटेना. बाई गाडीच्या पोटाखाली वाकून पाइप तपासत होत्या, तेव्हा ते वेळ नोंदवणाऱ्याच्या टेबलाशी उभे राहून मोठमोठ्याने सांगत होते, "साहेब, पुन्हा एकदा बघा. मी स्वतः गाडीत होतो."