बिब्ब्याचा फोड

प्लेग यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेचं काम निघालं होतं आणि काळुराम मुकादम सुतार-लोहार गोळा करत कल्याणात हिंडत होता. पारनाक्यामागच्या राघो सुताराने नाव दिलं. बोटीवर चढायची अट एकच. दंडावर देवी टोचून घ्यायच्या आणि टोचल्या जागी उठलेला फोड डॉक्टरला दाखवायचा. फोड नाही, तर लस लागली नाही. तो माणूस बोटीत घ्यायचा नाही.

राघो टोचून घरी आला तेव्हा त्याची बायको कलावती विहिरीवर होती. ती परतेपर्यंत तिच्या सासूने, आत्याबाईंनी, लिंबू आणि राख लावून त्याचा दंड खसाखसा पुसून काढला होता.

"देवी तिच्या मनाने येते," आत्याबाई म्हणाल्या. "सुईने बोलवायला ती काय दारची मोलकरीण आहे?"

बाकीच्या गड्यांचे दंड सुजले, अंगात कसकस आली. राघोचा दंड कोराच राहिला. तपासणीच्या आदल्या दुपारी कलावतीने पाहिलं, तर तो पडवीत बसून सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर तापवत होता. त्याचं तेल कातडीला लागलं की भाजून फोड येतो, हे दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालणाऱ्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरला फोड पाहिजे ना? देतो त्याला फोड."

"आणि तिकडे देवीची साथ आली, तर हा बिब्बा आडवा येणार आहे का?"

"तिकडचं तिकडे बघू. ही बोट चुकली तर जन्मभर लोकांच्या पाटांना खिळे ठोकत बसेन."

कलावतीचा पाठचा भाऊ उत्तम देवीनेच गेला होता. शेवटी त्याला केळीच्या पानावर निजवावं लागलं होतं, गोधडी अंगाला चिकटायची म्हणून. ते ती सांगायला लागली, तर राघोने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली की गडी थेट मुंबईला निघणार होते. बायका निरोप द्यायला दवाखान्याच्या ओट्यावर उभ्या होत्या. डॉक्टर घाईत होता. दंड बघायचा, मान हलवायची, पुढचा. राघो समोर आला. फोडाच्या कडेचा काळा डाग त्याने हळद लावून झाकला होता.

"उठलंय," डॉक्टर म्हणाला. काळुरामने राघोचं गाठोडं उचललंसुद्धा.

चार पुरुषांत नवऱ्याविरुद्ध बोलायची रीत नव्हती. बोलली तर घरात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती, आणि गप्प राहिली तर तो उघड्या अंगाने साथीच्या तोंडी जाणार होता. तिने पदर ओढून घेतला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"डॉक्टरसाहेब, तो बिब्बा आहे."

डॉक्टरने ओला बोळा फिरवला. हळद निघाली, डाग राहिला.

"पुन्हा टोचतो," तो राघोला म्हणाला. "पण आता पुढची बोट. तीही लस लागली तर."

"राघो, तुझी मालकीण माझ्यापेक्षा मोठी मुकादम निघाली की रे," काळुराम म्हणाला आणि गाठोडं खाली ठेवलं. "पुढल्या खेपेला जागा उरली तर बघू."

"नवऱ्याला पदराला बांधून ठेवायचं होतं, साधलंन एकदाचं," आत्याबाईंनी घरी आल्या आल्या सुनावलं. राघोही तेच धरून बसला. तो पाठ करून जेवायचा, पाणी हवं असलं तर आईकडे मागायचा. कलावती उलटून बोलली नाही. पण पुन्हा टोचलेल्या त्याच्या दंडाला तिने कुणाला बोट लावू दिलं नाही. विहिरीवर जायची, तीसुद्धा तो घराबाहेर पडल्यावरच.

मग एका सकाळी राघो अंगात ताप घेऊन उठला. तिने बाही वर केली. टपोरा, पाणीदार फोड, भोवती लालबुंद कडं. तिचं बोट कडेला लागलं तसा तो कळवळला.

ती बघतच राहिली. याचीच ती वाट बघत होती, आणि आता हाच त्याला समुद्रापलीकडे नेणार होता.

"बघतेस काय?" राघो म्हणाला. "डॉक्टरला जाऊन सांग, हाही खोटा आहे."

"खरा आहे," कलावती म्हणाली. "काळुराम मुकादम ठाण्यात माणसं जमवतोय म्हणे. ताप उतरायची वाट बघू नका. तुमची जागा दुसऱ्याला द्यायच्या आत जाऊन या."

इतक्या दिवसांत राघोने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती तोवर आत वळली होती. भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं तिने, आणि पाणी जरा जास्तच पडत होतं.