हद्दीच्या वर उरलेला डोंगर

बसचा शेवटचा थांबा डोंगराच्या पायथ्याशी आहे. वहिनी कित्येक वर्षं तिथवर बस नेत होती. उतारू खाली उतरायचे, पाठीला पिशव्या लावून वर बघायचे, आणि ती बस वळवून परत निघायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढावा लागला. हिंडू-फिरू लागल्यावर तिने एकच हट्ट धरला. जिल्ह्यातल्या सर्वांत उंच जागी जायचं.

"जमलं तर परत बस चालवीन," ती म्हणाली. "नाही जमलं तर गुमान तिकिटाच्या खिडकीत बसेन. मग कुणी माझी समजूत काढायची नाही."

दादाने बोटाला लावायचा ऑक्सिमीटर माझ्या हाती दिला. "ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला की माघारी. तू शास्त्र शिकलेली, म्हणून तुझ्यावर सोडतोय."

शिखर शेजारच्या जिल्ह्यात आहे आणि पायवाट त्याच बाजूने चढते. आपल्या हद्दीतली सर्वांत उंच जागा शिखराखालच्या उतारावर येते. तिथे वाट नाही. मी नकाशा धरून पुढे चालले होते. आधी काटेरी झुडपं, मग पायाखालून घसरणारे सुटे दगड, आणि त्यावर धुकं.

"वन्सं, हा रस्ता पास कुणी केला?" मागून आवाज आला.

"रस्ता नाहीच आहे, वहिनी."

"तेच विचारतेय."

ती थोडं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. बोलणं हळूहळू बंद झालं. हद्दीची रेषा अगदी जवळ आली तेव्हा मी तिच्या बोटाला यंत्र लावलं. शहाऐंशी.

तिने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "खिडकी, ना?"

तिचं बोट बर्फासारखं होतं. गार बोटावर हे यंत्र चुकतं, हे मला माहीत होतं. पण हवा तोच आकडा खरा मानायचा मोह कसा होतो, तेही प्रयोगशाळेत रोज पाहते. म्हणून यंत्र माझ्या तितक्याच गार बोटाला लावलं. मी धडधाकट. सत्त्याऐंशी.

"म्हणजे तूही गेलीस," वहिनी म्हणाली.

आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. तिचे हात मी माझ्या स्वेटरच्या आत घेतले. बोटांत ऊब येईपर्यंत ते तसेच धरून ठेवले. मग आधी माझं बोट तपासलं. सत्त्याण्णव. तिचं त्र्याण्णव. मी पुन्हा पाहिलं. त्र्याण्णवच.

"चल," मी म्हटलं.

ती जागा म्हणजे तिरप्या उतारावरचं थोडं गवत आणि शेवाळ धरलेला एक दगड होता. खूण काही नव्हती. मी नकाशा आणि फोन ताडून पाहिले आणि म्हटलं, "इथेच."

वहिनीने पाय रोवले. "हे? मी तर समजत होते, सर्वांत उंच म्हणजे वर काही नसेल."

तेवढ्यात वाऱ्याने धुकं ओढून नेलं. आमच्या डोक्यावर डोंगर होता. काळा, ओला, मान पूर्ण मागे टाकली तरी न संपणारा. त्याच्या कड्यांवरून ढग सावकाश घसरत होते आणि त्या ढगांच्याही वर पुन्हा कडाच होता. खाली आमचा अख्खा जिल्हा पसरला होता. नदी, गावं, बसचा रस्ता. त्यातली एकही वस्तू आमच्यापेक्षा उंच नव्हती. तरी आम्ही डोंगराच्या मांडीशीही पोचलो नव्हतो. नकाशावर या उताराच्या रेषा मी बोटाने कितीदा मोजल्या होत्या. त्या रेषांमध्ये एवढं काही असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"एवढा उरलाय," वहिनी अगदी हळू म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सोमवारी डेपोत जाऊन सांगते. पहिली फेरी मला द्या."

ती अजून वरच बघत होती. तिचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि त्या हिवाळ्यापासून पहिल्यांदाच मी तो मोजला नाही.