ज्यानं लाईन घेतली

आमच्या तांड्यात इंग्रजी फारसं कोणाला येत नाही, पण लाईन या एका शब्दावाचून कोणाचं पान हलत नाही. वीज गेली की लाईन गेली. रेशनच्या दुकानासमोर उभं राहायचं ते लाईनीत. कोणाचं पोरगं काय करतं विचारा, तर म्हणे ड्रायव्हर लाईनला आहे. बिघडलेल्याला लाईनवर आणायचं, आणि जे बिघडायच्या बेतात असतात ते पोरींवर लाईन मारतात. मी स्वतः एसटीत कंडक्टर होतो. उमरखेड-पुसद लाईनवर तीस वर्षं काढली. तिकीट न काढलेला माणूस मला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचा. म्हणून सून बबिता विजेच्या सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर घेऊन असते, थेट बोलत नाही. चहा हवा का, हेही बबिता माझ्या बायकोच्या, हंसाबाईच्या तोंडून विचारते. तीन वर्षांत तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. आणि तीच बबिता राजदीप नावाच्या लाईनमनशी फोनवर खणखणीत बोलायची. डबा द्यायला गेलो तेव्हा दोनदा माझ्या कानांनी ऐकलं. "नाही, तूच सांग. तुहा आवाज ऐकल्याबिगर मी मानत नाही." आता यावर कोणत्या सासऱ्याने काय समजायचं?

मी ते लखनच्या, माझ्या मुलाच्या कानावर घातलं. एकदा नाही, चारदा घातलं. शेवटी तोही पेटला. आमचं ठरलं की मी एकदा नीट डोळ्यांनी पाहायचं, मग सोमवारपासून तिची नोकरी बंद. लखनने तिच्या नावाने राजीनामा लिहूनही ठेवला, फक्त तिची सही घ्यायची राहिली होती. बबिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुपारी डबा घेऊन मी सबस्टेशनला गेलो. तिने पदर सावरत डबा घेतला आणि हात धुवायला बाहेर नळावर गेली. फोन टेबलावरच राहिला होता. तो वाजला. नाव राजदीपचं. मी उचलला.

"बबिता, ऐक ना..."

एवढं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. ऐक ना म्हणणारा हा कोण लागून गेला? मी फोन कापला.

ती आत आली. तिने ठेवलेल्या जागेवर फोन नव्हता, माझ्या हातात होता. तिने विचारायच्या आधीच मी बोललो, "राजदीपचा होता. काम झालं म्हणे. लाईन दे म्हणे." खोटं बोलताना माझी पापणीसुद्धा लवली नाही. कसलं काम, कुठे चाललंय, मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. या दोघांनी पुन्हा बोलू नये, एवढंच मला हवं होतं.

ती लाईन चालू करायच्या बटणाकडे गेली नाही. माझ्याकडून फोन घेतला आणि त्याला लावला. तो उचलेना. तिने पुन्हा लावला, मग पुन्हा. माझी आता खात्रीच पटली. काम झाल्याचं कळलं तरी बाईसाहेबांना त्याच्याशी बोलायचंच होतं.

"मी सांगून राह्यलो ना?" मी म्हणालो. "सासऱ्याच्या शब्दाले काही किंमत हाय का नाही?"

तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"इथं नाही, बापू. ज्यानं लाईन बंद करून घेतली, त्यानंच सोतःच्या तोंडानं सांगा लागते का मी खाली उतरलो म्हणून. साहेबानं सांगतलं तरी मी चालू करत नाही. तुम्ही सांगतलं तरी नाही."

"एवढा संशय? माह्यावर?"

"सगळ्याइवर. त्याचाच पगार भेटते मले."

मी काही बोलणार, तोच फोन वाजला. तिने तो मला ऐकू येईल असा मोठ्या आवाजावर टाकला. राजदीपच्या आवाजामागे वारा घोंघावत होता.

"बबिता, मघा फोन कटला. मग हात गुतले होते, उचलता नाही आला. मी अजून पोलवरच हाव. दुसरी तारबी तुटली हाय, जोडून राह्यलो. अर्धा घंटा लागन. लाईन देऊ नको."

"बंदच हाय," ती म्हणाली. "सावकाश कर. उतरला का तूच फोन कर."

मी खुर्चीवर बसलो. तिने आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मघा तो फोनवर काय म्हणे, बापू?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "मी ऐकूनच नाही घेतलं."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजू लागला. लखनचा होता. मी उचलला. तो मोठ्याने विचारत होता, "बा, काय पाह्यलं? आजच सही घेऊ का त्या राजीनाम्यावर?" खोली लहान, त्याचा शब्द न् शब्द बबिताला ऐकू गेला. माझ्या उत्तराची ती वाट पाहत होती.

"लखन," मी म्हणालो, "आज तुह्या बापाच्या हातून एक माणूस मेला असता. तुह्या बायकोनं मरू देल्ला नाही."